न वाचता केलेली बरोबरची खूण

मी याद्या करणारी बाई आहे. आमच्या घरात माझ्या वह्यांना वेगळा कप्पा आहे. किराण्याची वही, विम्याच्या तारखांची वही, गावाकडच्या लग्नांत कोणी काय आहेर केला त्याची वही. सुरतच्या कापड मार्केटमध्ये एका साडीच्या गोदामात मी माल रवाना करायचं काम बघते. पार्सल बांधलं का, लेबल लागलं का, टेम्पो आला का, ट्रान्सपोर्टची पावती हातात आली का, हे विचारण्यात माझी वीस वर्षं गेली. झालेल्या कामापुढे बरोबरची खूण करायची, न झालेल्या कामापुढे जागा कोरी ठेवायची. गोदामात माझ्या खुणेवर शेठ डोळे मिटून सही करतात. कोसाडच्या आमच्या वसाहतीत शाळेचा दाखला हरवला तरी लोक आधी माझ्याकडे येतात आणि मग शाळेत जातात. मला या गोष्टीचा अभिमान होता. होता, असंच लिहायला हवं.

कारण हिरव्या वहीत एक पान आहे, आणि त्या पानावर शेवटच्या रकान्यात मी एक बरोबरची खूण केलेली आहे. ते काम मी केलेलं नव्हतं.

ते पान माझ्या दिरासाठी आखलं होतं. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा तो सातवीत होता, म्हणून मी त्याला अजून अरेतुरे करते. सातवीनंतर तो शिकला नाही. धुळ्याकडून सुरतेला आला आणि जरीच्या कारखान्यात बसला. चांदीची केसाहून बारीक तार चपटी करतात, ती रेशमाच्या धाग्यावर अंगाला अंग लावून गुंडाळायची, मध्ये फट दिसता कामा नये. सोन्याचं पाणी पुढे दुसरीकडे चढतं. या कामात त्याचा हात असा बसला की कारखान्याचे शेठ नव्या माणसांना त्याच्या शेजारी बसवायचे. बावीस वर्षांनी त्याने शेठची नोकरी सोडली, दोन जुनी मशिनं घेतली आणि अमरोलीच्या बाजूला एक खोली भाड्याने घेऊन स्वतःचं काम सुरू केलं.

शेठ रागावले नाहीत. नुसते हसले आणि म्हणाले, “जा. जागा रिकामी ठेवतो.”

ते हसणं माझ्या जावेला फार लागलं होतं. जाऊ घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते. बोलायला तिखट. ती मला म्हणाली, “ताई, हे परत गेले ना, तर शेठ ओरडणार नाहीत. चहा मागवतील. सगळ्या कारागिरांसमोर ह्यांना चहा पाजतील. त्यापेक्षा ओरडलेलं बरं.”

मग त्याला पहिली मोठी ऑर्डर आली. दक्षिणेकडचा एक साडीवाला, अस्सल चांदीची जर, तीन महिन्यांत थोडी थोडी द्यायची, भाव आजच ठरवायचा. ही ऑर्डर नीट पार पडली तर खोली, मशिनं आणि मालकी त्याची राहणार होती. बिघडली तर शेठचा चहा. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

अडचण एकच होती. जरीचा भाव ठरलेला, पण चांदीचा भाव रोज हलणारा. त्याला तार पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने सांगितलं, “शेठ लोक काय करतात? वायदा घेऊन ठेवतात. तूही घे.” म्हणजे पुढच्या महिन्यांतली चांदी आजच्या भावाने बांधून ठेवायची. सगळी रक्कम भरावी लागत नाही, थोडी अनामत ठेवावी लागते. चांदी चढली तर तार महाग पडेल, पण वायद्यात तेवढा फायदा निघेल. चांदी पडली तर वायद्यात तोटा, पण तार स्वस्त. दोन्हीकडून हिशेब जवळपास तिथेच येतो. त्याला वायद्यात कमवायचं नव्हतं. ठरलेल्या भावात काम पुरं करून द्यायचं होतं, एवढंच.

रविवारी सकाळी तो ऑर्डरचा कागद घेऊन आमच्याकडे आला. “वहिनी, वायद्याला दलाल लागतो म्हणे. कोणता धरायचा ते तुम्ही ठरवा.”

माझे यजमान हजिऱ्याच्या एका कारखान्यात फिटर आहेत. सुट्टीचा दिवस, दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “तिला सांगितलंस ना, आता दलालांची खैर नाही. लग्नाच्या वेळी मलासुद्धा हिने रकान्यात बसवला होता.”

“किती मार्क पडले होते?” दिराने विचारलं.

“काठावर पास,” मी म्हटलं, आणि हिरवी वही काढली.

चार दलाल निवडले. एक नुसता मोबाईलवरचा, ज्याची जाहिरात रोज दिसते. एक बँकेच्या ओळखीचा. एक रिंग रोडवरच्या काचेच्या इमारतीतला. आणि एक म्हातारे गुजराती गृहस्थ, ज्यांच्याकडे जरीवाले शेठ लोक पिढ्यान्‌पिढ्या सौदे करत आले. रकाने सहा आखले: दलाली किती, अनामत किती, छोटा सौदा मिळतो का, ऑफिस किती लांब, भाषा कोणती, आणि शेवटचा, ‘करार वाचला’. पहिल्या पाचांना दहापैकी मार्क. सहाव्यात खूण किंवा कोरी जागा. दोन शनिवारी गोदामातून अर्धी सुट्टी घेऊन मी फिरले. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. पंख्याखाली बसून मी प्रश्न विचारतेय आणि समोरचा माणूस उत्तर देतोय, हे गोदामात रोज घडतं, पण तिथे समोर टेम्पोवाला असतो.

म्हाताऱ्यांचं ऑफिस एका दुकानाच्या वर, लाकडी जिन्याचं. टेबलावर जुना टेलिफोन आणि सुपारीचा डबा. मी सगळे प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली. त्यांची दलाली चौघांत सगळ्यात जास्त होती. मी वही मिटत होते तेव्हा ते म्हणाले, “बेन, तमे बधुं पूछ्युं. पैसा खूटे त्यारे फोन कोने करवानो, ए न पूछ्युं.”

अनामत कमी पडली तर फोन कोणाला करायचा, हे मी विचारलं नव्हतं. मला राग आला. ऑर्डर सुरूही झालेली नाही आणि हे पैसे संपायच्या गोष्टी करतायत. मी म्हटलं, “काका, अजून खातं उघडलं नाही, तुम्ही आधीच खुटवायला निघालात?”

ते हसले. “चांदी छे, बेन. कोईनी सासु नथी के घरमां ज बेसी रहे.”

चांदी काही सासूसारखी घरात बसून राहत नाही, यावर मलाही हसू आलं, पण वहीत मी लिहिलं: ‘दलाली जास्त. बोलणं अशुभ. दहापैकी तीन.’ हे शब्द अजून तिथे आहेत, माझ्याच नीटनेटक्या अक्षरात.

रिंग रोडच्या ऑफिसात गारवा होता, पाण्याचे थंड ग्लास होते. समोरच्या खुर्चीत तिशीतला एक माणूस. मी हिंदीत सुरुवात केली. त्याने दिराच्या आधार कार्डाची प्रत हातात घेतली, पत्त्यातला जुना तालुका वाचला आणि मान वर करून म्हणाला, “अक्का, कोणता गावना शेतस तुम्ही?”

सुरतेत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हे कसं होतं ते सांगायला हवं. शेठशी गुजराती, टेम्पोवाल्याशी हिंदी, मुलांच्या शाळेत जमेल ती. अहिराणी घराच्या दाराआड. ती बाहेर बोललो तर लोक म्हणतात, हे कारखान्यातले. मीसुद्धा गोदामात कधी ती बोलत नाही. आणि इथे काचेच्या इमारतीत, गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस माझ्या आईच्या भाषेत मला अक्का म्हणत होता. गाव विचारलं, गावातली पोळ्याची मिरवणूक विचारली. मी वही मांडीवर ठेवून दिली. एरवी मी ती टेबलावर ठेवते.

भाषेच्या रकान्यात मी दहापैकी दहा दिले. ते एक वेळ समजून घेता येईल. पण त्याच झोकात मी अनामतीच्या रकान्यातला सहाचा आकडा खोडून आठ केला. का केला, याचं कारण तेव्हाही माझ्याकडे नव्हतं.

बेरजेत रिंग रोडवाले पहिले आले. त्यांचा करार माझ्या मेलवर आला. पुष्कळ पानं, बारीक इंग्रजी. माझी बारावी झालेली आहे, पावत्यांचं आणि पत्त्यांचं इंग्रजी मला येतं, पण हे वेगळं होतं. दोन पानं वाचली. तिसऱ्या पानावर एकच वाक्य चार वेळा वाचलं आणि चारही वेळा ते शेवटापर्यंत पोचलं नाही. मी त्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, “समदं तेच ते ऱ्हास, अक्का. सही करी टाका.” सगळं नेहमीचंच असतं म्हणे.

मी घरच्यांना सांगू शकले असते की मला हे वाचता येत नाही. गोदामात हिशेब बघणारे एक साहेब आहेत, त्यांना दाखवू शकले असते. म्हाताऱ्या काकांना विचारलं असतं तरी त्यांनी समजावलं असतं. पण मग माझी बारावी किती खोल आहे ते सगळ्यांना कळलं असतं. मी बोटाने पानं वर ढकलत शेवटपर्यंत गेले, वही उघडली आणि ‘करार वाचला’ या रकान्यात खूण केली. हात अडखळला नाही. रोजच्या खुणांसारखीच ती सरळ आली.

दीर पान बघून म्हणाला, “एवढं कोण करतं, वहिनी!” आणि दाखवलं तिथे सही केली.

खात्यासाठी ईमेल लागत होता. त्याला नव्हता. मी माझ्या मोबाईलवर त्याच्या नावाचा काढून दिला. त्यावर ऑफरचे इतके मेल यायला लागले की मी त्याचा आवाज बंद केला. मेल रविवारी सकाळी एकदाच बघायचे, हा माझा जुना नियम. रोज बघत बसलं तर कामं होत नाहीत.

काही दिवसांनी दीर मोबाईल पुढे धरून म्हणाला, “वहिनी, रोज इंग्रजीत मेसेज येतो यांचा. काही करायचं असतं का?”

मी बघितलं. भाव, शिल्लक, आकडे. “रोजचंच आहे हे. तू सोडून दे. महत्त्वाचं काही असलं तर मेल येईल. मी बघते.”

मी बघते. आमच्या घरात हे दोन शब्द मी जितक्या वेळा बोलले असेन, तितक्या वेळा कोणी ‘बरं’ म्हटलं नसेल.

पहिला महिना चांगला गेला. चांदी थोडी चढली, तारेचा भाव वाढला, तो वायद्यात भरून निघाला. पहिला माल दक्षिणेला पोचला आणि पसंत पडला. दीर खमण घेऊन आला आणि जावेने पहिल्यांदा माझ्या वहीचं कौतुक केलं. वसाहतीतल्या दोघांनी ते पान मागितलं. मी म्हटलं, “प्रत्येकाची गरज वेगळी असते.” हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला कळलेला नव्हता.

मग चांदी पडायला लागली. एक दिवस, दोन दिवस, तिसरा दिवस. त्याने मशीनजवळूनच फोन केला, मागे घरघर ऐकू येत होती. “वहिनी, पडतेय.”

“पडू दे. तुला तार स्वस्त मिळेल. दोन्हीकडून तुझं बरोबरच आहे.”

हिशेबाने हे बरोबर होतं. पण वायद्यातला तोटा रोजच्या रोज अनामतीतून कापला जातो, आणि तार स्वस्त मिळायची ती पुढच्या महिन्यात. मधले दिवस अनामत पुरायला हवी, नाही पुरली तर भरायला हवी, नाही भरली तर दलाल सौदा परस्पर कापून टाकतो. हे करारात लिहिलेलं होतं. नंतर मी शब्दकोश घेऊन बसले तेव्हा सापडलं. सतरा ओळींचा परिच्छेद आहे.

पहिला मेल बुधवारी दुपारी आला होता: अनामत कमी पडली आहे, उद्या अकरापर्यंत भरा. दुसरा गुरुवारी सकाळी, आठवणीचा. तिसरा गुरुवारी दुपारी: सौदा बंद करण्यात आला आहे. मी तिन्ही मेल रविवारी सकाळी उघडले, नियमाप्रमाणे. सगळ्यात वर चपलांच्या ऑफरचा मेल होता, त्याच्या खाली हे तीन.

भरायची रक्कम त्याच्याकडे होती. ऑर्डरची आगाऊ रक्कम घरातल्या कपाटात पडून होती. फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं.

मी त्या अहिराणी बोलणाऱ्या माणसाला फोन लावला. त्याचा नंबर आता दुसरंच कोणी उचलत होतं. एका मुलीने हिंदीत सांगितलं की ते दुसऱ्या शाखेत गेले, आणि तसंही खातं उघडणारे वेगळे असतात. ती उद्धट नव्हती. तिने मला करारातल्या त्या परिच्छेदाचा नंबरही सांगितला.

दिराला मी काय सांगितलं? “कंपनीने सौदा कापला. बाजार पडला की कापतात. बाजार असाच असतो.” मेलचं मी बोलले नाही. तो “अस्सं” म्हणाला आणि पुढे काही विचारलं नाही.

सोमवारपासून चांदी उलटी फिरली आणि चढत गेली. अनामतीतलं बरंच गेलं होतं. पुन्हा सौदा घ्यायची त्याची हिंमत झाली नाही आणि घे म्हणायची माझी. ठरलेल्या भावाची जर तो महाग तारेने बनवत राहिला. शब्द दिलेला होता, म्हणून शेवटच्या रिळापर्यंत माल दिला. ऑर्डर संपली तेव्हा दोनातलं एक मशीन विकावं लागलं. दिवसा तो पुन्हा शेठकडे जायला लागला, आणि उरलेलं एक मशीन संध्याकाळी आणि रविवारी चालवायला लागला.

शेठ ओरडले नाहीत. चहा मागवला. सगळ्यांसमोर.

त्यानंतर मी गप्प राहिले, आणि लिहिताना सगळ्यात जड हेच जातंय. खूण करून चूक झाली ती एका दुपारची. गप्प राहणं रोज सकाळी उठून नव्याने करावं लागतं. वसाहतीत बोललं गेलं की तो चांदीच्या सट्ट्यात बुडाला. माझे यजमान म्हणाले, “वायद्याच्या नादाला लागायलाच नको होतं.” मला ठाऊक होतं की त्याने सट्टा खेळला नव्हता. सट्ट्यापासून वाचण्यासाठीच त्याने वायदा घेतला होता, आणि तो सांभाळणारी मी होते. मी भाजी चिरत ऐकत राहिले. सट्टा हा शब्द माझ्या सोयीचा होता.

एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. गॅस रेग्युलेटरची नळी बदलायची होती, दीर जावेला म्हणाला, “दोनशे रुपये दे, घेऊन येतो.”

जाऊ कप खाली न ठेवता म्हणाली, “ह्यांच्या हातात दोनशे द्यायचे म्हणजे नळीच्या जागी चांदी घेऊन येतील. ताई, तुम्हीच आणा.”

सगळे हसले. दीरही हसला. डोकं खाजवत, खाली बघत, जणू हा विनोद त्याने आधीही पुष्कळदा ऐकलाय आणि त्यावर कसं हसायचं ते त्याला आता जमलंय. मी दोनशे रुपये घेतले, नळी आणली आणि बिलही दिलं.

पुढच्या रविवारी दुपारी हिरवी वही घेऊन मी त्याच्या खोलीवर गेले. विकलेल्या मशीनच्या जागी फरशीवर चार भोकं होती, बोल्टची. तो दुसऱ्या मशीनवर होता. मी बोलायला लागले, आवाज पोचेना, म्हणून त्याने मशीन थांबवलं. मी सगळं सांगितलं. करार वाचला नव्हता. मेल बुधवारी आला होता. मी रविवारी बघितला. तुला मेसेज सोडून दे म्हणणारी मीच. आणि त्यानंतर गप्प बसले तीही मीच. गोदामातली यादी वाचावी तसं एकामागून एक सांगितलं, तसं नसतं सांगितलं तर सांगता आलं नसतं.

तो बोटाला चिकटलेला रेशमाचा तंतू काढत राहिला. मग म्हणाला, “मेसेज मी बघितला होता, वहिनी. बुधवारी. नेहमीपेक्षा मोठा होता. मला वाटलं, फोन करावा. मग म्हटलं, वहिनी बघतील. एवढे दिवस मला वाटायचं, तो फोन मी केला नाही म्हणून गेलं सगळं.”

“तुझी चूक नव्हती.”

“हिलासुद्धा मी तेच सांगितलंय. माझ्या हलगर्जीपणानं गेलं म्हणून.” त्याने तंतू झटकला. “तुम्ही सांगाल तिला? मी सांगितलं तर तिला वाटेल, तुमच्यावर ढकलतोय.”

बस, एवढंच मागितलं त्याने. राग आला असेल तर तो त्याने मशीन सुरू करून त्यात घालवला असेल. मी बाहेर पडले तेव्हा घरघर पुन्हा सुरू झाली होती.

जाऊ घरी होती. समोर साडी पसरलेली, बाजूला टिकल्यांची पाकिटं, डिंकाचा वास. तिने मला बसायला सांगितलं, आणि मी बसले नाही. तिला मी तेच सगळं त्याच क्रमाने सांगितलं. ती टिकल्या लावत होती. ‘मेल बुधवारी आला’ इथे तिचा हात थांबला आणि पुन्हा चालला नाही.

“म्हणजे हे सट्टा खेळले नव्हते.”

“नाही.”

“आणि कपाटात रक्कम होती.”

“होती.”

तिने डिंकाचं झाकण लावलं. “ताई, मी ह्यांना काय काय बोलले. पोराबाळांसमोर बोलले. मागच्या रविवारी तुमच्यासमोर बोलले. तुम्ही ऐकलंत. चहा पीत ऐकलंत.”

मी वही या हातातून त्या हातात घेतली.

“ते पान दाखवा.”

मी दाखवलं. तिने बोट ठेवून सगळे रकाने बघितले. खोडलेल्या सहावर तिचं बोट जरा थांबलं. मग शेवटच्या खुणेवर आलं. ती म्हणाली, “माझी दहावी झालीय, ताई. गुजरातीतून झाली, पण इंग्रजीचा पेपर मी दिलाय. मेसेज आला की मला विचारायचं, हे तुमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.”

खरंच आलं नव्हतं. जावेचं शिक्षण किती, हे माझ्या एकाही वहीत नाही. आहेराच्या वहीत तिच्या माहेरून आलेल्या साडीचा रंगसुद्धा आहे.

दिराचा मोबाईल घरीच चार्जिंगला होता. तो मेसेज पुसत नाही. जावेने मागे मागे जात तो बुधवारचा मेसेज काढला आणि मोठ्याने वाचायला लागली. एकेक अक्षर जुळवत, शाळेत वाचतात तशी. “डि-अर... क्लाय-न्ट. युवर... मार्जिन...” पुढच्या शब्दाला ती अडली. ‘शॉर्टफॉल’, म्हणजे तूट. मला तो आता पाठ आहे. माझे ओठ हलले असावेत, कारण तिने मान वर न करता हात उचलला: थांबा. मी थांबले. तिने तो शब्द दोन तुकडे करून वाचला, मग जोडून वाचला, आणि पुढे गेली. “बिफोर... इलेवन...” मेसेज पुरा वाचायला तिला तीन-चार मिनिटं लागली असतील. बुधवारी दुपारपासून गुरुवारी अकरापर्यंत तिच्याकडे जवळजवळ पूर्ण एक दिवस होता.

मोबाईल खाली ठेवून तिने विचारलं, “ह्यांना आता एक छोटी ऑर्डर येतेय. तो तीन मार्कांवाला म्हातारा कुठे बसतो?”

मी पत्ता सांगितला. तिने तो टिकल्यांच्या रिकाम्या पाकिटावर गुजरातीत लिहून घेतला.

“त्यांची दलाली जास्त आहे,” मी म्हटलं. जिभेला सवय. “आणि पैसे खुटले तर फोन कोणाला करायचा, ते विचारतील.”

“विचारू दे. माझा नंबर देईन.”

“मी येऊ का सोबत?”

“नको,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. मी वही उचलायला वाकले तेव्हा तिने ती आपल्याकडे ओढून घेतली. “ही राहू द्या. ह्यांना दाखवायचीय.”

तिने डिंकाचं झाकण उघडलं आणि साडीची कड पुन्हा पुढ्यात ओढली. चहाचं तिने विचारलं नाही. मी चपला घातल्या आणि दार लोटून घेतलं.